आप्पांच्या मालकीचे मांडे

मंगळवारी सकाळी अन्नदा महिला मंडळाच्या सव्वीस बायकांनी बाह्यांचे सव्वीस जोड चढवले, पुरण भरलेले गोळे लाटले, मांडे हातावर घेतले आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मांडा दोन्ही हातांवर फिरत फिरत मनगटापासून कोपरापर्यंत पसरायचा असतो. तो फिरेचना. भिरूडांच्या कमलचा मांडा घसरून तिच्याच पायावर पडला, झांबरे वहिनींचा चुलीत गेला. आणि प्रत्येक बाहीच्या पट्टीवर एकच ओळ उमटली: 'आपणास परवानगी नाही.'

"कुणाची परवानगी पायजे म्हणते ही?" सिंधूबाई नेहेतेंनी विचारलं. मंडळात वयाने आणि हाताने त्याच सगळ्यांत मोठ्या.

मंडळाची सेक्रेटरी हेमलता अत्तरदे कॉम्प्युटरपाशी गेली, फाईल शोधली, मालकाच्या रकान्यातलं नाव वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

मालक: प्रल्हाद गोविंदा अत्तरदे.

म्हणजे तिचे सासरे. दूध संघाचे माजी व्हाइस चेअरमन. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरून घेतला नव्हता, ते सव्वीस बायकांच्या हातांतल्या कसबाचे एकटे मालक झाले होते.

आता बाही म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपला हात हलतो तो मेंदूकडून स्नायूंना विजेचे बारीक बारीक झटके येतात म्हणून. हे झटके कातडीवरून मोजता येतात. आणि मोजता येतात तर ते साठवून दुसऱ्याच्या हाताला देताही येतात. जाणकार बाईने बाही घालून शंभर मांडे करायचे, की तिच्या हाताचं वळण फाईलमध्ये उतरतं. मग तीच बाही नवख्या बाईने घातली, की फाईल तिच्या स्नायूंना सांगते: आता डावा वर, आता उजवा खाली, आता झोका दे आणि टाक चुलीवरच्या खापरावर. अन्नदा मंडळाच्या फाईलमध्ये हात होता सिंधूबाईंचा. चार वर्षांपूर्वी तो उतरवून घेतला, वर्षभरातच त्यांचे सांधे धरले, आणि आता सिंधूबाईंचा हात सिंधूबाईंकडे कमी अन् फाईलमध्येच जास्त होता.

ही फाईल राहायची गावाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. बायका त्याला कॉमन कपाट म्हणायच्या. कपाट ग्रामपंचायतीचं, आणि त्यात गावातल्या सगळ्याच बाह्यांच्या फायली: सलूनवाल्या दिगंबरची डोक्याच्या मालिशची, तबल्याच्या क्लासची, डेअरीतल्या धारेची. प्रत्येक फाईलला एक मालक, एक गट, आणि उरलेले ते 'इतर'. कोणी फाईल चालवायची, कोणी तिच्यात बदल करायचा, हे मालक ठरवतो. इतकी वर्षं मांड्याची फाईल मंडळाच्या गटाकडे होती आणि कुणाला मालक कोण असा प्रश्नही पडला नव्हता.

सोमवारी नवीन आवृत्ती बसवायची ठरली. दुसऱ्या कुठल्या देशात हे काम एखाद्या कारकुनाने डबा खाता खाता उरकलं असतं. पण आपल्याकडे बटण असलं, की ते कुणाच्या तरी शुभहस्ते दाबावं लागतं. मांडव घातला, पत्रिका छापली, नारळ आणला. बायकांचं म्हणणं होतं, बटण सिंधूबाईंनी दाबावं. हेमलताने हट्टाने आप्पांचं नाव घातलं.

तिचा त्यात मतलब होता. शनिवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते, झोके घेते, आमरस-मांडे खाते. हेमलता अठरा वर्षांत एकदाही गेली नव्हती. आखाजीला तिची नणंद शैला माहेरी यायची आणि शैलासाठी मांडे करायला कुणीतरी लागायचं. दरवर्षी हेमलता विचारायची, "आप्पा, यंदा जाऊ का?" आणि दरवर्षी आप्पा पेपरातून वर न बघता म्हणायचे, "बघू." यंदा आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हार घालून, टाळ्या वाजवून आप्पा जरा खुलतील, तेवढ्यात विचारून टाकू, असा तिचा हिशेब होता.

आप्पा खुलले. सत्तावीस मिनिटं भाषण केलं. इन्स्टॉलरने पडद्यावर विचारलं, 'बसवणाऱ्याचा अंगठा?' आप्पांनी अंगठा दिला. विचारलं, 'जुनी आवृत्ती साफ करू का?' आप्पा म्हणाले, "करा, करा. स्वच्छता पाहिजेच." टाळ्या झाल्या. मंडपातून घरी जाताना हेमलताने विचारलं आणि आप्पा म्हणाले, "बघू."

मंगळवारी दहा वाजता तिने कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. तिकडून यंत्राचा आवाज आला, फार शुद्ध.

"आपली गैरसोय आम्हांस सखेद मान्य आहे. इन्स्टॉलर कोणी चालविला?"

"सासऱ्यांनी."

"ते आपल्या संस्थेचे तांत्रिक अधिकारी आहेत काय?"

"ते प्रमुख पाहुणे होते."

यंत्र जरा वेळ गप्प राहिलं. प्रमुख पाहुणे ही गोष्ट त्याच्या यादीत नसावी.

मग त्याने जे सांगितलं ते असं. कॉमन कपाटात नवीन फाईल तयार केली, तर ती कपाटाचे नियम घेते. पण इन्स्टॉलर थेट कपाटात काही तयार करत नाही. ज्याचा अंगठा मिळाला, त्याच्या खासगी खोलीत बसून तो सामान सोडतो, जोडतो, तपासतो, आणि सगळं जमलं की अख्खं बोचकं उचलून कपाटात आणून ठेवतो. उचलून आणलेली वस्तू आपलं कुलूप सोबत घेऊन येते. कपाट सगळ्यांचं असलं तरी आतला डबा ज्याचा त्याचा. म्हणून इन्स्टॉलर नेहमी गटाच्या नावाने चालवावा, असं माहितीपुस्तकात पान तीनवर ठळक लिहिलेलं होतं. माहितीपुस्तक सोमवारी दिवसभर नारळाच्या ताटाखाली होतं, टेबल डुगडुगत होतं म्हणून.

"मग मी सेक्रेटरी या नात्याने मालकी काढून घेऊ शकते का?"

"अवश्य. तथापि स्नायूंच्या सुरक्षेस्तव, बळजबरीने मालकी घेतल्यास फाईल कोरी होते."

कोरी म्हणजे सिंधूबाईंचा हात गेला. सिंधूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. त्यांनी वाकडी झालेली बोटं पदराखाली घेतली. हेमलताने फोन ठेवला.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत पंधराशे मांडे द्यायचे होते, तीनशे घरांना, दुसऱ्यांच्या लेकींसाठी. ते झाल्याशिवाय मंडळाला सुट्टी नाही. म्हणजे सव्वीस लेकी अडकलेल्या.

"का व हेमा," कमल म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या एका अंगठ्यापायी आमच्या बॅगा भरलेल्या राहतील का?"

हेमलता घरी गेली. नवरा मुरलीधर केळीच्या गाडीचे कागद भरत होता. तो म्हणाला, "तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा," आणि आणखी मन लावून कागद भरायला लागला.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. आपण मालक आहोत हे त्यांनी तीन वेळा सांगायला लावलं.

"म्हणजे माझ्या सहीशिवाय एकही मांडा होणार नाही?"

"नाही."

"रीतसर अर्ज द्या," आप्पा म्हणाले. "मंडळाच्या लेटरहेडवर. प्रत जोडा."

"आप्पा, मी घरातलीच आहे."

"म्हणून तर. उद्या कुणी म्हणायला नको, अत्तरद्यांनी घरच्यांना झुकतं माप दिलं."

अर्ज दिला. बुधवारी सकाळी आप्पा इस्त्रीचे कपडे घालून मंडळात आले. पण नवीन आवृत्ती आणखी हुशार होती. तिचं म्हणणं, परवानगी वाटण्याआधी मालकाने निदान एकदा फाईल स्वतः चालवून दाखवावी, म्हणजे हात खरा आहे, जिवंत आहे, याची खात्री पटेल. तेव्हा आप्पांच्या कुडत्याच्या अस्तन्या दुमडून त्यांच्या हातांवर बाह्या चढवल्या. कमलने तोंडात पदर कोंबला. सिंधूबाईंनी लाटलेला मांडा त्यांच्या हातांवर ठेवला.

आप्पांचे हात हलले. डावा वर, उजवा खाली. मांडा फिरला, पसरला, इतका पातळ झाला की त्यातून पलीकडचा कॅलेंडरवरचा गणपती दिसायला लागला. एक झोका, आणि मांडा उलट्या खापरावर जाऊन बसला, एक सुरकुती नाही.

सिंधूबाईंनी वाकून पाहिलं.

"बरा जमला," त्या म्हणाल्या.

आप्पांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग उजव्या हाताने मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "दुसरा आणा."

दुपारपर्यंत त्यांनी तीस केले. प्रत्येक मांड्यानंतर मिशीला पीळ. गावात बातमी गेली, माणसं खिडकीशी जमली. दूध संघातले दोन माजी संचालक येऊन बसले. त्यांना आप्पांनी समजावून सांगितलं, की बायका इतकी वर्षं उगाच बाऊ करत होत्या, मुळात विषय नियोजनाचा आहे.

"आप्पा, ती परवानगी," हेमलता म्हणाली.

"कशाला घाई? मी आहे ना."

"पंधराशे मांडे आहेत."

"होतील. मनुष्यबळापेक्षा निष्ठा महत्त्वाची."

संध्याकाळी पाच वाजता एकसष्टावा मांडा झाला आणि आप्पांचे हात खाली आले ते वर जाईनात. बाही स्नायूंना वळण देते, ताकद देत नाही. अडुसष्ट वर्षं फक्त सह्या केलेले हात ते.

गुरुवारी सकाळी ते पलंगावर, दोन्ही हात दोन उशांवर. हेमलता चमच्याने वरणभात भरवत होती. एका घासानंतर आप्पा म्हणाले, "आण ते टॅबलेट." तिने टॅबलेट त्यांच्या अंगठ्याखाली धरला. पडद्यावर विचारलं होतं, 'परवानगी कोणास? गट की सर्व?' आणि हेमलता 'गट' म्हणायच्या आत आप्पांचा अंगठा पडला. सर्व.

"आपण हात आखडता घेत नाही," आप्पा म्हणाले. "दिली तर सगळ्या गावाला."

मंडळात बायकांच्या बाह्या सुरू झाल्या, हे खरं. सगळ्या आनंदल्या. पहिला मांडा खापरावर पडला आणि सव्वीस उजवे हात उठून सव्वीस वरच्या ओठांपाशी गेले. बाही नुसतं शिकवत नाही, मालकाकडून शिकतेही. मालकाने एकसष्ट वेळा मिशी पिळली, फाईलने ती मांड्याची शेवटची पायरी समजून लिहून घेतली. तासाभरात सगळ्यांना पिठाच्या मिशा आल्या होत्या.

तेही चाललं असतं. पण बाहीची सवय अशी, की तिला ज्या ज्या फायलींची परवानगी असते, त्यातली सगळ्यात ताजी ती उचलते. आणि सगळ्या गावात सगळ्यात ताजी फाईल आता मांड्याची होती.

निवृत्त मुख्याध्यापक चौधरी सर दिगंबरकडे मालिशला बसले होते. दिगंबरने बाही सुरू केली आणि सरांचं डोकं दोन्ही हातांत घेऊन ते पसरायला सुरुवात केली. पसरेना, तेव्हा जोर लावला. तबल्याच्या क्लासमध्ये बारा पोरींनी तबले कोपरावर घ्यायचा प्रयत्न केला. दोन तबले खिडकीबाहेर गेले, तिथे खापर असायला हवं होतं. डेअरीत काय झालं ते नीट कळलं नाही, कारण तिथली म्हैस सांगू शकत नव्हती आणि गडी सांगायला तयार नव्हता. तो फक्त उभाच राहत होता, बसत नव्हता.

साडेअकराला अत्तरद्यांच्या दारात गर्दी. चौधरी सर टोपी दोन्ही हातांनी धरून उभे.

"प्रल्हादराव, हे काय चालवलंय?"

"मी कुणाला नाही म्हटलं नाही, सर," आप्पा आतूनच म्हणाले. "उलट."

हेमलताने दार लावून घेतलं, पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि बसली. एरवी ती आप्पांसमोर बसत नसे.

"आप्पा, मालकी सोडा."

"गट करतो की. दाब तू, मी अंगठा देतो."

"उद्या परत बदलाल. आज सर्व, उद्या कुणी नाही. सव्वीस बायका तुमच्या मूडवर बसून राहणार नाहीत. तुम्ही कधी नाही म्हणत नाही, आप्पा, आणि कधी हो पण म्हणत नाही. माणूस अठरा वर्षं उंबऱ्यात उभं राहतं."

आप्पा पंख्याकडे बघत राहिले.

"काल सिंधूबाई म्हणाली, बरा जमला," ते म्हणाले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"संघात टाळ्या वाजवायचे. लोणी स्वस्त केलं तरी टाळ्या, महाग केलं तरी टाळ्या. बरा जमला असं चाळीस वर्षांत कुणी म्हणालं नाही." मग जरा थांबून, "मालकी सोडली तर मी कशात येतो? गटात?"

हेमलताला खोटं बोलता आलं असतं.

"गट बायकांचा आहे. तुम्ही 'इतर'मध्ये."

"आणि इतरांना?"

"काही नाही."

बाहेर चौधरी सरांनी कडी वाजवली. आप्पांनी डोळे मिटले. "मुरलीचं नाव घाल."

"ते कुठे मांडे करतात?"

"मी तरी कुठे करत होतो."

"माझं नाव घाला," हेमलता म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. आप्पांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, जसं पेपरातून कधी पाहिलं नव्हतं तसं. हात उचलवत नव्हता. तिने तो उचलला नाही. टॅबलेट उशीवर ठेवला आणि थांबली. आप्पांनी दात आवळून अंगठा दोन इंच सरकवला.

नव्या मालकिणीने नियमाप्रमाणे एक मांडा करून दाखवला आणि दुपारी बाराला परवानगी फक्त गटाला राहिली. दिगंबरच्या बाहीला मालिश आठवली, तबले खिडकीखालून परत आले. बायकांनी गुरुवारची दुपार आणि शुक्रवारचा दिवस मान वर न करता काम केलं. मिशी तेवढी गेली नव्हती. ती काढायला सिंधूबाईंना दुखऱ्या हाताने बाही घालून पन्नास मांडे तरी करावे लागणार होते, आणि त्याला आता वेळ नव्हता. चौदाशेच्या वर मांडे आणि तेवढेच पीळ. शुक्रवारी सहाला शेवटचा डबा टेम्पोत चढला. आप्पांचे एकसष्टही त्यातच गेले, कुठल्या घरी गेले ते कुणाला ओळखू आलं नाही. कमल तोंड न धुताच बॅग घेऊन पळाली. स्टँडवर लोक वळून वळून बघत होते म्हणे.

शनिवारी सकाळी हेमलताने साडी बदलली, आईसाठी गुडघ्याचं तेल पिशवीत टाकलं आणि ओसरीवर आली. आप्पा पेपर वाचत होते. पेपर टेबलावर पसरलेला, कारण हात अजून धरत नव्हते.

"निघते मी. परवा येईन. शैलाताई दहाच्या गाडीने येतील. पुरण शिजवून ठेवलंय, आमरस फ्रीजमध्ये आहे."

"आणि मांडे?"

"मांडे नाहीत."

आप्पांनी तोंड उघडलं. बऱ्याच वर्षांच्या सवयीने ओठांवर एक शब्द आलाही असेल. पण तिने काही विचारलेलंच नव्हतं, तेव्हा त्या शब्दाला जागा नव्हती. ती चपला घालून गेली.

विजेवरची एसटी केळीच्या बागांमधून आवाज न करता चालली होती. गाडीत बायकाच बायका, सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. साडेदहाला हेमलताचा फोन थरथरला.

'प्रल्हाद गोविंदा अत्तरदे आपणाकडे परवानगी मागत आहेत. फाईल: मांडा. कारण:'

कारणाच्या रकान्यात आप्पांनी दुखऱ्या बोटाने एकेक अक्षर टाइप केलं असणार. 'शैला आली आहे. मांडे करायचे आहेत. मंडळातून बाह्यांचा एक जोड आणला आहे. सिंधूबाईंना विचारून.' आणि खाली, जरा जागा सोडून: 'प्रत जोडलेली नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. पडद्यावर तीन खुणा होत्या: पाहणे, चालवणे, बदल करणे. पहिल्या दोन तिने दिल्या. तिसरीवर बोट थोडा वेळ थांबलं. मग तिने ती रिकामी ठेवली आणि फोन पर्समध्ये टाकला.

लगेच परत वाजला. आई होती.

"कुठवर आलीस?"

"फाट्याला. वीस मिनिटं."

"खरंच येतेयस ना व? नाहीतर मागच्यासारखं..." आईचा आवाज जरा खाली आला. "सासऱ्यांना विचारून निघालीस ना?"

"सांगून निघाले," हेमलता म्हणाली.